येण्याजाण्याचं भाडं

शिष्यवृत्तीचं पत्र आलं तेव्हा बाबांनी ते खालून वर वाचलं. वरती मार्गदर्शकांचं नाव होतं, प्रयोगशाळेचा पत्ता होता, रुजू व्हायची तारीख होती, दरमहा मिळायच्या विद्यावेतनाचा आकडा होता. बाबांचं बोट खालच्या एका ओळीवर थांबलं. येण्याजाण्याचं रेल्वेभाडं दिलं जाईल, असं तिथे लिहिलं होतं. "मग जाऊ दे तिला," ते आईला म्हणाले. मुलगी एकटी मुंबईला जाणार, दोन महिने राहणार, कॅन्सरच्या प्रयोगशाळेत काम करणार, या सगळ्यावरून घरात जो वाद पेटायचा होता तो त्या ओळीने मिटवला.

तो २००९चा उन्हाळा. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि अलाहाबादची राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून दर उन्हाळ्यात महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना देशभरच्या प्रयोगशाळांत काम करायला पाठवतात. मी जबलपूरला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात होते. मला खारघरचं अ‍ॅक्ट्रेक मिळालं. टाटा मेमोरियल सेंटरची कर्करोग संशोधन संस्था परळहून २००२मध्ये तिथे हलली, तेव्हापासून तिचं हे नाव.

आज मी शिक्षिका आहे. संशोधक झाले नाही, आणि त्या दोन महिन्यांचा हिशेब मांडताना हे आधीच सांगितलेलं बरं. माझ्यावर जे खर्च झाले त्यातून कुठलं औषध निघालं नाही, कुठला शोधनिबंध माझ्या नावावर नाही. तरी ते पैसे वाया गेले असं मला कधीच वाटलं नाही. का वाटलं नाही, ते सांगायचं तर महाराजपुरात आणि मास्साबांपाशी जावं लागेल.

जबलपूरहून पनागरकडे निघालं की अधारताल लागतो. राणी दुर्गावतीचे दिवाण आधारसिंह यांच्या नावाचा तो तलाव. त्याच्यापुढे महाराजपुर. जवळच कृषी विश्वविद्यालय, १९६४ सालचं. बाबा तिथल्या मृदा प्रयोगशाळेत मदतनीस होते. मातीचे नमुने वाळवायचे, चाळायचे, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या. आजोबांना, म्हणजे अण्णांना, वर्ध्याकडून जबलपूरला आणलं ते गन कॅरेज फॅक्टरीने. ते टर्नर होते. घरात मराठी आणि अंगणाबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, अशी आमची रीत. शाळाही हिंदी. मध्य प्रदेशात शिक्षकाला मास्साब म्हणतात. आमच्या माध्यमिक शाळेत मास्साब पुष्कळ होते, पण नुसतं मास्साब म्हटलं की विज्ञानाचेच समजायचे.

आठवीत असताना त्यांनी आम्हाला एक काम दिलं. वहीत चार रकाने आखायचे. घरात आणि शेजारी तंबाखू कोण घेतं, कुठली घेतं, किती वर्षांपासून घेतं, आणि तोंडात नेमकी कुठे ठेवतं. चौथ्या रकान्यावर त्यांचा फार जोर. "गाल में कि होंठ में? ऊपर कि नीचे? दायें कि बायें? पूछना नहीं, देखना," असं म्हणाले. आम्ही महाराजपुरच्या चौकात, पानाच्या टपरीवर, कारखान्यातून परतणाऱ्यांच्या सायकलींमागे हिंडलो. माणसं हसायची आणि ओठ खाली ओढून दाखवायची. खैनी चुन्यात मळून खालच्या ओठाच्या आत दाबणारे, पान-सुपारीचा तोबरा गालात धरणारे, विडी ओढणारे, आणि दातांना मशेरी लावणारी आमच्या ओळखीची एक मराठी आजी, जिने मला दारातूनच परत पाठवलं.

मास्साबांनी फळ्यावर उघड्या तोंडाचं मोठं चित्र काढलं आणि आमच्या वह्यांतून एकेक ठिपका त्यात भरत गेले. खैनीवाल्यांचे ठिपके खालच्या ओठाशी गर्दी करून बसले, पानवाल्यांचे दोन्ही गालांत पांगले. वर्ग गप्प झाला, कारण ते सगळे ठिपके आमच्या घरच्या माणसांचे होते. मग मास्साबांनी सांगितलं की मुंबईत खानोलकर नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी हेच केलं, पण रोग्यांवरून उलटं मागे जात. तोंडाच्या कॅन्सरचे ओळीने एक हजार रोगी तपासून त्यांनी १९४४मध्ये निबंध लिहिला. पुढच्या वर्षी सूर्याबाई या सहकारी बाईंबरोबर आणखी एक लिहिला. खैनी जिथे दाबली जाते तिथे होणारा ओठाचा कॅन्सर, आंध्रात चुट्टा पेटतं टोक तोंडात धरून ओढतात त्याने टाळूला होणारा, आणि धोतर कमरेला घट्ट आवळून तिथल्या कातडीला होणारा. माणूस रोज काय करतो ते नीट पाहिलं तर रोग कुठे उगवेल हे सांगता येतं, एवढं त्या निबंधातून आठवीतल्या मुलांनाही समजत होतं. माझ्याकडे वळून मास्साब म्हणाले, "तुम्हारे ही लोग थे. मराठी."

वसंत रामजी खानोलकरांना भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणतात. पुढे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे ते पहिले संचालक झाले. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की माझ्या वहीतलं काम खरं काम आहे, मोठ्या माणसांनीही ते केलेलं आहे.

त्याच वहीत अण्णांचंही नाव होतं. खैनी, तीस-पस्तीस वर्षं, खालचा ओठ, डावीकडे. आणि रकान्याबाहेर मी लिहिलं होतं : आतून पांढरं. मास्साबांनी वह्या तपासल्या त्या संध्याकाळी ते सायकलवर आमच्या घरी आले. अण्णा संकोचले, चहा ठेवायला सांगितला, इकडचं तिकडचं बोलत राहिले. मास्साबांनी चहा घेतला आणि मग अण्णांना मोरीपाशी उजेडात नेऊन ओठ उलटायला लावला. पांढरा चट्टा होता, पुसून न जाणारा. दुसऱ्या दिवशी बाबा अण्णांना घेऊन मेडिकल कॉलेजात गेले. तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हा चट्टा त्याच वाटेवरचा आहे. अण्णांनी खैनी सोडली. सहज सोडली नाही, घरातल्या सगळ्यांनी ते महिने भोगले आहेत. हळूहळू चट्टा फिकट होत गेला. अण्णा पुढे बरीच वर्षं जगले आणि गेले ते दुसऱ्याच कारणाने.

मास्साबांना हे कुठून ठाऊक? मी त्यांना कितीतरी उशिरा विचारलं. ते बदलीने जबलपूरला आले होते. त्याआधीची त्यांची नोकरी होशंगाबाद जिल्ह्यातली, आमच्याच नर्मदेच्या काठाने खाली गेलं की लागतो तो भाग. १९७२मध्ये त्या जिल्ह्यातल्या सोळा शाळांत एक उपक्रम सुरू झाला, होशंगाबाद विज्ञान. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला. मध्य प्रदेश सरकारने शाळा दिल्या. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ उन्हाळ्यात येऊन खेड्यातल्या मास्तरांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करू लागले. १९७८मध्ये उपक्रम सगळ्या जिल्ह्यात पसरला आणि १९८२पासून एकलव्य संस्थेने तो सांभाळला. 'बाल वैज्ञानिक' हे पुस्तक, प्रयोगाच्या सामानाची पेटी, पुस्तक उघडं ठेवून परीक्षा. मुलांनी मनातले प्रश्न सवालीराम नावाच्या माणसाला पत्राने विचारायचे आणि सवालीरामने उत्तर धाडायचं. तो माणूस कल्पित होता, उत्तरं खरी होती.

मास्साब दर उन्हाळ्यात त्या प्रशिक्षणाला जात. वर्षभर महिन्याला एक बैठक असे. तिथे शिक्षक आपापल्या वर्गात काय फसलं ते सांगत. "टीए-डीए मिलता था," हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. प्रवासभत्ता आणि दैनिक भत्ता मिळाला नसता तर कमी पगाराचा शिक्षक सुट्टीत घर सोडून आलाच नसता. अशाच एका शिबिरात मुंबईहून आलेल्या शास्त्रज्ञाने रात्री जेवणानंतर त्यांना सांगितलं की आमच्या संस्थेत दातांच्या डॉक्टरांचा एक गट आहे, तो खेड्यांत घरोघरी जाऊन लोकांची तोंडं तपासतो. मास्साबांनी ते लक्षात ठेवलं. आमच्या वर्गातले चार रकाने त्या रात्रीतून आले होते.

तो गट टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या फली मेहतांचा. त्यांनी केरळ, आंध्र, गुजरात आणि बिहारच्या खेड्यांत ५०,९१५ माणसं तपासली. तो निबंध १९६९चा. मग महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यात, १,०१,७६१ माणसं तपासली, तो १९७२चा. हे आकडे मी वर्गात नेहमी पूर्ण सांगते, गोल करून सांगत नाही. एक लाख एक हजार सातशे एकसष्ट वेळा कुणीतरी कुणाला तरी तोंड उघडा म्हटलं आहे. त्या कामाला अमेरिकेच्या आरोग्य संस्थेचा निधी होता, आणि तो पी.एल. ४८०चा. म्हणजे साठच्या दशकात जो अमेरिकन गहू रेशनवर आला त्याचे रुपये भारतातच साठले होते, त्यातले हे. अण्णा त्या गव्हाला आयुष्यभर नावं ठेवत. रांगेत उभं राहून त्यांनी जे पैसे दिले त्यांतलेच काही फिरून त्यांच्या ओठापर्यंत आले असतील, असं मी त्यांना एकदा म्हटलं होतं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मग गहू एवढा वाईट नव्हता म्हणायचा."

त्याच गटाने पुढे ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांवर आणखी एक अभ्यास केला. त्यांना फक्त समजावून सांगायचं. समोर बसून, पोस्टर दाखवून, चित्रपट दाखवून, वर्षामागून वर्षं पुन्हा जाऊन. १९८६मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो छापून आला. तंबाखू सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढलं आणि पांढरे चट्टे उगवायचं प्रमाण कमी झालं. नुसत्या शिकवण्याने शरीरात फरक पडतो याचा एवढा साधा पुरावा मला दुसरीकडे मिळालेला नाही, आणि आमच्या घरात तर तो माणसाच्या रूपाने खाटेवर बसलेला होता.

तर त्या पत्रामागे हे सगळं होतं. मी महानगरी एक्स्प्रेसने निघाले. इटारसी, खांडवा, भुसावळ. १८७०मध्ये मुंबईकडचा आणि कलकत्त्याकडचा लोहमार्ग जोडले गेले ते जबलपूरलाच, त्यामुळे आमच्या गावाला मुंबई नेहमी रुळांच्या दुसऱ्या टोकाला दिसत आली आहे. वाशीला बाबांच्या मावसबहिणीकडे उतरले. रोज लोकलने खारघर.

प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात मला काही करू दिलं नाही, फक्त पाहायला सांगितलं. मला ते सोपं गेलं, मास्साबांनी दुसरं काय शिकवलं होतं? मग पेशी वाढवायला दिल्या. गुलाबी द्रावणात, सदतीस अंश तापमानात, पाच टक्के कार्बन डायऑक्साइडच्या कपाटात त्या काचेला चिकटून वाढतात. द्रावण पिवळट पडायला लागलं की समजायचं, पेशींनी अन्न संपवलं, आम्ल साठलं. मीडिया, म्हणजे ते द्रावण, बदलायचा, पेशी फार दाटल्या तर स्प्लिट करायच्या, म्हणजे वाटून नव्या बाटल्यांत घालायच्या. हुडमध्ये, म्हणजे जंतुरहित हवेच्या कपाटात, हात घालण्याआधी स्पिरिट, बाटलीचं झाकण उघडताना श्वास रोखायचा. एकदा बुरशी शिरली की आठवड्याचं काम गेलं. जी पेशी मरणं विसरली आहे तिला जिवंत ठेवायला एवढी काळजी घ्यावी लागते, हे मला विलक्षण वाटायचं.

माझ्या शेजारच्या टेबलावर विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावच्या प्राध्यापिका होत्या. वय पन्नाशीच्या आसपास. त्याही त्याच शिष्यवृत्तीवर, शिक्षकांच्या जागेवर आलेल्या. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो, आणि त्या पंचविशीतल्या पीएच.डी.च्या मुलाला "सर, हे पुन्हा एकदा दाखवता?" असं विचारायच्या. त्यांच्या वहीत प्रत्येक प्रयोगापुढे एक वेगळा मजकूर असे : हे आमच्याकडे कशात करता येईल? सेंट्रिफ्यूज नाही तर काय, शीतकपाट नाही तर काय, हुड नाही तर बर्नरच्या ज्योतीपाशी किती जमेल. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड घेऊन पेशीविभाजन मोजायचं, ते प्रत्येक महाविद्यालयात करतात. मॅडमनी त्यातच वाढवून लिहिलं होतं : आधी निरोगी मूळ, मग तंबाखूच्या पाण्यात ठेवलेलं मूळ, आणि दोन्हीतल्या विभागणाऱ्या पेशींची मोजणी. मी स्वतःसाठी शिकत होते. त्या वर्गासाठी शिकत होत्या, पुढे येणाऱ्या प्रत्येक तुकडीसाठी. दोघींवर खर्च जवळपास सारखाच होता. कुणावरचा खर्च जास्त दूर पोचला असेल, याबद्दल मला शंका नाही.

कमल रणदिवे यांच्याबद्दल मला त्यांनीच सांगितलं. दुपारी डबा खाताना. कमलताई पुण्याच्या, १९१७चा जन्म, हुजूरपागेतल्या. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं असं त्यांना वाटत होतं, ती वनस्पतींकडे वळली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम.एस्सी. केलं, विषय सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं. हे ऐकून मला बाबांच्या विद्यापीठातल्या सीताफळाच्या रांगा आठवल्या आणि ही बाई एकदम आमच्यातली वाटली. लग्नानंतर मुंबई, टाटा मेमोरियल, खानोलकरांच्या हाताखाली १९४९मध्ये पीएच.डी. खानोलकरांनीच त्यांना फेलोशिप घेऊन परदेशी जायला लावलं. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊती-संवर्धन शिकल्या. हेन्रिएटा लॅक्स नावाच्या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतून १९५१मध्ये ज्यांनी हेला पेशी वाढवल्या ते हे गाय. लॅक्सबाईंना कुणी विचारलं नव्हतं. जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेवर त्यांचं ऋण आहे आणि माझ्या त्या दोन महिन्यांवरही आहे.

कमलताई परत आल्या आणि मुंबईच्या संस्थेत देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभारली. १९६६ ते १९७० त्या संस्थेच्या संचालक होत्या. १९७३मध्ये त्यांनी सहकारी बायकांबरोबर इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन स्थापन केली. तिची वास्तू वाशीतच आहे. एका रविवारी मी ती पाहून आले. नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह, पाळणाघर, वाचनालय. संशोधन करायला बाईला बुद्धीच्या आधी काय काय लागतं याची ती यादीच आहे. उतारवयात त्या अकोले तालुक्यात राजूरच्या आदिवासी मुलांच्या पोषणाचं काम करत राहिल्या. २००१मध्ये त्या गेल्या. मी खारघरला पोचले तेव्हा त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि मी मीडिया बदलत होते तो त्यांनी या देशात रुजवलेल्या हातोटीने.

जूनमध्ये पाऊस लागला, मागच्या डोंगरावर पांडवकडा कोसळू लागला. अ‍ॅक्ट्रेकमध्ये रुग्णालयही आहे. प्रयोगशाळेतून कँटीनकडे जाताना रोग्यांच्या नातलगांतून कानावर पडणारी बोली थेट आमच्याकडची असायची. रीवा, सतना, दमोह. एकदा एका म्हाताऱ्या बाबांनी मला औषधाची चिठ्ठी वाचून दाखवायला सांगितली. त्यांच्या मुलाचा खालचा जबडा काढलेला होता. "बिटिया, तुम जबलपुर की हो? यहाँ का पढ़ती हो?" मी सांगितलं, हाच रोग. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी गावी परतून शिक्षिका व्हायचं ठरवलं ते त्या दिवसानंतर. त्या मुलाच्या ओठाच्या आत पहिला पांढरा ठिपका आला असेल तेव्हा तो सातवी-आठवीच्या जरा पुढे असेल, आणि त्याच्या शाळेत मास्साब नव्हते.

आता जरा पैशांबद्दल, कारण त्याबद्दल आपण मोकळेपणाने बोलत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद १९७९पासून एमबीबीएसच्या मुलांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी विद्यावेतन देते. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना १९९९मध्ये सुरू झाली, अकरावीपासूनच्या मुलांना तिने हात दिला, आणि २०२२मध्ये ती इन्स्पायर योजनेत विलीन करण्यात आली. अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था 'यूथ एन्जॉय सायन्स' नावाने जो निधी देत असे तो थेट सहावीच्या वर्गापासून सुरू व्हायचा, आणि त्यात शिक्षकांसाठीही तरतूद असायची. कर्करोगाच्या संशोधनाचे पैसे सहावीच्या मुलाला आणि त्याच्या बाईंना का द्यायचे, हा प्रश्न तिथे कुणीतरी विचारला असेल आणि त्याचं उत्तर दिलं गेलं असेल. आपल्याकडे ते उत्तर होशंगाबादने १९७२मध्येच दिलं होतं. २००२मध्ये राज्य सरकारने तो उपक्रम बंद केला. मास्साब तेव्हा निवृत्तीच्या जवळ होते. आपली पेटी त्यांनी शाळेतून घरी नेली, कारण शाळेला ती नको होती.

मला सगळ्यात जास्त जाचतो तो शाळेतल्या शिक्षकांचा प्रश्न. मॅडमसारख्या महाविद्यालयीन शिक्षकांना अकादम्यांचं दार उघडं आहे. आठवीला शिकवणाऱ्या बाईला कुठलं? तिच्यासाठी प्रशिक्षणं निघतात, पण ती बहुतेक नवीन पाठ्यपुस्तकाची, नाहीतर नोंदी कशा भरायच्या याची. सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरची पेशी स्वतः पाहिलेली आठवीची शिक्षिका मला आमच्या भागात भेटली नव्हती. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२पासून गुटख्यावर बंदी आणली, देशात सगळ्यांच्या आधी. सुपारी आणि तंबाखू दोन वेगळ्या पुड्यांत आजही मिळतात आणि शाळेतली पोरं त्या एकत्र करतात. तोंड नीट उघडत नाही अशी मुलं आता मी पाहते, तीन बोटं उभी आत जात नाहीत. त्यांच्या समोर रोज उभी असते ती शाळेतली बाई. डॉक्टरकडे ते पोचतील तेव्हा उशीर झालेला असेल.

म्हणून माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी आणि मी मिळून एक लहानसा निधी केला आहे. त्याला नाव नाही, पावतीपुस्तक नाही, एक वही आहे. त्यातून आम्ही शाळेतल्या शिक्षकांचं भाडं आणि दोन वेळचं जेवण देतो. शहरातल्या विकृतिशास्त्राच्या एक प्राध्यापिका सुट्टीच्या दिवशी त्यांना स्लाइड्स दाखवतात, एक पैसा न घेता. निरोगी गालाची पेशी, मग चट्ट्यातली, मग कॅन्सरची. तिसऱ्या स्लाइडवर डोळा लावला की बहुतेक जण बराच वेळ मान वर करत नाहीत. परत जाताना प्रत्येकीला चार रकान्यांचा कागद मिळतो. पहिली देणगी आली ती एका मुलीकडून. ती आता पुण्यात नोकरी करते, तिचे वडील विड्या वळायचे. जबलपूरला विड्यांचा मोठा धंदा, तेंदूच्या पानांवर कितीतरी घरं चालली. तंबाखूवर वाढलेल्या घरातूनच हे पैसे आले, याचं तिला आणि मला दोघींनाही समाधान आहे.

मास्साबांना हे सांगायला मी गेले होते. त्यांना आता ऐकू कमी येतं. मी मोठ्याने सगळं सांगितलं, वही दाखवली. त्यांनी खर्चाची पानं पाहिली आणि विचारलं, शिक्षक परत वर्गात गेल्यावर भेटतात का पुन्हा? महिन्याला बैठक नसेल तर हे टिकणार नाही, म्हणाले. त्यांचं खरं आहे. बैठकीची जागा पाहिली आहे, पनागरच्या एका शाळेतली खोली, महिन्याचा तिसरा शनिवार. येण्याजाण्याचे पैसे कसे उभे करायचे ते अजून ठरायचं आहे. अकादमीच्या अर्जांची मुदत साधारण नोव्हेंबर अखेरीस संपते. यंदा तीन अर्ज भरून घ्यायचे आहेत, दोन मुलींचे आणि एका कनिष्ठ प्राध्यापिकेचा. तिच्या घरचे अजून तयार नाहीत, तेव्हा रविवारी तिच्या सासूबाईंना भेटायला मला कटंगीला जायचं आहे.